ग्लायडर उतरताना अपघात का होतो?

विमान आकाशात उंचावर असते तेव्हा वैमानिकाच्या हाती वेळ असतो. ते जमिनीजवळ येऊ लागते तसतसा हा वेळ आटत जातो. इंजिन असलेल्या विमानाला अशा प्रसंगी एक पर्याय असतो. उतरण्याचा प्रयत्न फसतो आहे असे वाटले, तर वैमानिक इंजिनाची शक्ती वाढवून पुन्हा वर जाऊ शकतो, एक फेरी मारून दुसऱ्यांदा प्रयत्न करू शकतो. ग्लायडरला ही मुभा नाही. ग्लायडर एकदा उतरू लागले की ते उतरणारच; प्रश्न उरतो तो फक्त कोठे आणि कसे, एवढाच. जगभरातील ग्लायडर अपघातांत उतरण्याच्या टप्प्यातील अपघातांचा वाटा मोठा असतो, त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

भंडारा जिल्ह्यात ग्लायडिंगचे केंद्र नाही. मग येथील वाचकाने या विषयात लक्ष का घालावे? याचे उत्तर शेजारच्या बिरसी विमानतळावर आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत बिरसीही भंडारा जिल्ह्यातच होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या या धावपट्टीवर पुढे वैमानिक प्रशिक्षण सुरू झाले आणि पूर्व विदर्भाच्या आकाशात लहान प्रशिक्षण विमाने नित्याची झाली. २६ एप्रिल २०१७ रोजी येथून निघालेले एक प्रशिक्षण विमान महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवर वैनगंगेच्या पात्रावर आडव्या ताणलेल्या तारेला धडकून कोसळले आणि प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी अशा दोघांचा मृत्यू झाला. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहूनच उडालेले दुसरे प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ भागात कोसळले. त्यातही दोघे दगावले.

ही विमाने ग्लायडर नव्हती, हे खरे. परंतु इंजिन बंद पडले की कोणतेही विमान ग्लायडरच होते. म्हणून बिनइंजिनाचे विमान सुखरूप कसे उतरवावे, हा प्रश्न केवळ हौशी उड्डाणपटूंचा नाही. प्रत्येक प्रशिक्षणार्थी वैमानिकाचा आणि ज्यांच्या शेतांवरून ही विमाने उडतात त्या प्रत्येक गावाचा तो प्रश्न आहे.

उंची हीच पुंजी

ग्लायडर हवेत राहते ते सतत थोडेथोडे खाली घसरत राहूनच. उतारावरून सोडलेली सायकल पायडल न मारताही पुढे जाते, तसाच हा प्रकार. प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे चांगले ग्लायडर शांत हवेत एक मीटर खाली येईपर्यंत सुमारे ३० मीटर पुढे जाते. स्पर्धांसाठी बनविलेली आधुनिक ग्लायडर ५० मीटर किंवा त्याहूनही अधिक अंतर कापतात. वाटेत वर चढणाऱ्या गरम हवेचा प्रवाह सापडला तर ग्लायडर त्यात घिरट्या घालत उंची मिळवते. घारी आणि गिधाडे पंख न हलवता वर जातात, तीच ही युक्ती. या प्रवाहाला उड्डाणपटू 'थर्मल' म्हणतात.

एक हिशेब करून पाहू. भंडारा शहरावर १००० मीटर उंचीवर असलेले, तीसास एक या प्रमाणात घसरणारे ग्लायडर शांत हवेत ३० किलोमीटर जाऊ शकेल. तुमसर सरळ रेषेत साधारण २५ किलोमीटरवर आहे. म्हणजे कागदावर तरी ते तुमसरला पोहोचते. आता समोरून ताशी २५ किलोमीटर वेगाचा वारा आहे असे धरा. ग्लायडरचा हवेतील वेग ताशी ९० किलोमीटर असेल, तर जमिनीच्या संदर्भात तो ६५ उरतो आणि पल्ला २२ किलोमीटरांच्याही आत येतो. तुमसर हुकले. वाटेत हवा सेकंदाला एक मीटर या वेगाने खाली बसत असेल, तर शांत वाऱ्यातही पल्ला निम्म्याहून कमी होतो. हवा दिसत नाही, म्हणून हा तोटा उंचीमापकाचा काटा झपाट्याने उतरू लागेपर्यंत ध्यानात येत नाही.

म्हणून ग्लायडिंगमध्ये उंचीला पुंजीसारखे मानले जाते. ती खर्च होत राहते आणि थर्मल मिळाला नाही तर परत मिळत नाही. उतरतानाच्या बहुतेक अपघातांची सुरुवात ही पुंजी वेळेवर न मोजण्याने होते. मैदान अजून दूर आहे, आणखी एक थर्मल मिळेल, एवढे अंतर सहज निघेल, अशा आशेवर वैमानिक पुढे जात राहतो आणि शेवटी घराजवळ पोहोचतो तो घाईघाईने, कमी उंचीवर आणि चुकीच्या कोनातून.

उतरण्याची शिस्त

ही घाई टाळण्यासाठी ग्लायडर उतरविण्याची एक ठरलेली पद्धत आहे. वैमानिक मैदानाच्या बाजूने, वारा पाठीशी घेऊन, साधारण २०० ते २५० मीटर उंचीवरून धावपट्टीला समांतर जातो. या वेळी तो मैदानाकडे नीट पाहून घेतो. पट्टीवर दुसरे ग्लायडर किंवा गुरे आहेत का, वाऱ्याची दिशा दाखविणारा कापडी नळा कोणीकडे वळला आहे, हे तपासतो. मग तो काटकोनात वळतो आणि शेवटी आणखी एक वळण घेऊन वाऱ्याला तोंड देत धावपट्टीच्या रेषेत येतो. हे शेवटचे वळण जमिनीपासून सुमारे १०० मीटर उंचीवर पूर्ण झालेले असावे, असा दंडक आहे.

या टप्प्यावर वैमानिकाचा डावा हात एका निळ्या दांड्यावर असतो. हा एअरब्रेकचा दांडा. तो ओढला की पंखांतून उभ्या पट्ट्या वर येतात, हवेचा प्रवाह मोडतात आणि ग्लायडर अधिक तीव्र उताराने खाली येऊ लागते. एअरब्रेक पूर्ण उघडल्यास तीसास एक हे प्रमाण सहा-सातास एक इतके उतरते. चांगला वैमानिक एअरब्रेक अर्धे उघडे राहतील अशा बेताने येतो. ग्लायडर पट्टीच्या पुढे जाईल असे वाटले तर ते आणखी उघडता येतात, अलीकडेच पडेल असे वाटले तर मिटता येतात. दोन्ही बाजूंनी थोडी सोय राखून येणे, हे या पद्धतीचे सार आहे. इंजिन नसल्यामुळे ग्लायडरला सुधारणेची जी काही संधी मिळते, ती एवढीच.

वेगाचाही असाच नियम आहे. ज्या वेगाखाली पंख ग्लायडरचे वजन पेलू शकत नाहीत, त्याच्या साधारण १.३ पट वेग आणि त्यात वाऱ्याच्या वेगाचा निम्मा भाग मिळवून उतरण्याचा वेग ठरविला जातो. हा किमान वेग ताशी ६५ किलोमीटर असेल आणि ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर ताशी ९५ किलोमीटर वेग राखावा लागतो. नवशिक्यांना तो फार वाटतो. जमीन जवळ आली की वेग कमी करावा, ही माणसाची स्वाभाविक ओढ असते. ती आवरणे, हे प्रशिक्षणातील अवघड कामांपैकी एक.

घातक शेवटचे वळण

पंखांवरून वाहणारी हवा ठरावीक कोनापर्यंतच पंखांना चिकटून राहते. वेग घटला आणि नाक वर उचलले गेले की हा कोन वाढतो, हवा पंखांपासून सुटते आणि उचल नाहीशी होते. याला 'स्टॉल' म्हणतात. येथे इंजिन बंद पडण्याचा संबंध नाही. बंद पडतो तो पंख. ग्लायडिंगचा आद्य पुरुष मानला जाणारा जर्मनीचा ओटो लिलिएन्थाल याने सुमारे दोन हजार उड्डाणे केली होती. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याचे ग्लायडर हवेत असेच स्टॉल झाले, तो सुमारे १५ मीटर उंचीवरून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. उंची पुरेशी असती तर नाक खाली करून वेग पुन्हा मिळविता आला असता. ती नव्हती.

वळताना हा धोका वाढतो. ग्लायडर ४५ अंशांत कलून वळत असेल तर स्टॉल होण्याचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो; ६० अंशांत कलले असेल तर ४१ टक्क्यांनी. म्हणजे सरळ जाताना जो वेग सुरक्षित होता, तोच वळणात अपुरा ठरू शकतो.

आता शेवटच्या वळणावरील वैमानिक डोळ्यांसमोर आणा. तो ठरल्यापेक्षा खाली आला आहे. पाठीमागच्या वाऱ्याने त्याला पट्टीच्या रेषेपलीकडे ढकलले आहे. जमीन जवळ दिसत असल्यामुळे ग्लायडर जास्त कलविण्याची त्याला भीती वाटते. म्हणून तो पायाने रडर दाबून नाक पट्टीकडे ओढतो. नाक खाली झुकू लागते, तसा तो काठी मागे घेतो. या तीन क्रियांपैकी प्रत्येक क्रिया त्या क्षणी त्याला योग्यच वाटते. त्यांचा एकत्रित परिणाम मात्र असा होतो की, वळणाच्या आतील बाजूचा पंख आधी स्टॉल होतो, ग्लायडर त्या बाजूला कोलमडते आणि गिरकी घेत खाली येते. सावरण्यासाठी जेवढी उंची हवी, तेवढी तेथे उरलेली नसते. उतरतानाच्या प्राणघातक अपघातांत हा प्रकार पुन:पुन्हा आढळतो.

याउलट, जमिनीला टेकताना होणारे अपघात संख्येने अधिक, पण बहुधा कमी जीवघेणे असतात. ग्लायडरला मुख्य चाक एकच असते आणि पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५ मीटर किंवा त्याहून अधिक असते. पंखाचे टोक उंच गवतात किंवा उभ्या पिकात अडकले की ग्लायडर त्याच टोकाभोवती गर्रकन फिरते आणि शेपटी मोडते. कधी ते जोरात आपटून पुन्हा उसळते. अशा आपटण्यात वैमानिकाच्या कमरेच्या मणक्यांना इजा होण्याचा धोका मोठा असतो. कारण तो जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर, जवळजवळ आडवा बसलेला असतो आणि धक्का थेट पाठीच्या कण्यात जातो.

वारा आणि विदर्भाचा उन्हाळा

जमिनीलगत झाडे, घरे आणि बांध यांमुळे वाऱ्याचा वेग कमी होतो. वरून येणारे ग्लायडर समोरच्या जोरदार वाऱ्यातून अचानक मंद वाऱ्यात शिरते, तेव्हा त्याच्या पंखांवरून जाणाऱ्या हवेचा वेगही तेवढाच घटतो. वैमानिकाने काहीही चूक केलेली नसते, तरी वेगाचा काटा उतरतो. वाऱ्याच्या वेगाचा निम्मा भाग आधीच मिळवून ठेवण्याचा नियम आहे तो यासाठीच.

पूर्व विदर्भाचा उन्हाळा यात भर घालतो. एप्रिल-मे महिन्यांत येथे थर्मल जोरदार असतात. वर चढण्यासाठी ते उत्तम. पण उतरताना तेच थर्मल ग्लायडरला कधी वर उचलतात, तर कधी त्यांच्या कडेची खाली बसणारी हवा त्याला दाबते. दुपारी शेतांतून उठणारी वावटळ हे त्याचेच डोळ्यांना दिसणारे रूप. शिवाय तापलेली हवा विरळ असते. ४५ अंश सेल्सिअस तापमानात वेगमापकावर नेहमीचाच आकडा दिसत असला, तरी जमिनीच्या संदर्भात ग्लायडरचा वेग सहा-सात टक्क्यांनी अधिक असतो. टेकतानाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ती साधारण १४ टक्क्यांनी वाढलेली असते. ग्लायडर अधिक लांब घरंगळते आणि धडक झालीच, तर ती तेवढीच जोरदार होते.

शेतात उतरण्याची वेळ आली तर

लांब पल्ल्याच्या उड्डाणात थर्मल न मिळाल्यास मैदानाबाहेर, एखाद्या शेतात उतरणे हा ग्लायडिंगचा नित्याचा भाग आहे. तो अपघात नव्हे. शेत उशिरा निवडले तर मात्र त्याचा अपघात होतो. सर्वसाधारण शिकवण अशी : ६०० मीटरवर आल्यावर उतरण्याजोगा परिसर निवडावा, ४५० मीटरवर नेमके शेत ठरवावे आणि ३०० मीटरवर थर्मल शोधणे पूर्णपणे सोडून उतरण्याच्या फेरीस लागावे. शेताची लांबी, उतार, पीक, पृष्ठभाग, भोवतालचे अडथळे आणि गुरे, हे सारे त्याआधी पाहून झालेले असावे.

भंडारा जिल्ह्याच्या भूमीला ही कसोटी लावून पाहिली, तर चित्र फारसे दिलासा देणारे दिसत नाही. हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. धानाच्या बांध्या लहान असतात आणि प्रत्येक बांधीभोवती मातीचा धुरा असतो. वरून हिरवेगार, सपाट दिसणारे हे शेत प्रत्यक्षात गुडघाभर उंचीच्या आडव्या भिंतींनी कापलेले असते. ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने येणाऱ्या ग्लायडरचे चाक अशा धुऱ्यावर आदळणे म्हणजे भिंतीवर आदळण्यासारखेच. पावसाळ्यात बांध्यांत पाणी आणि चिखल. ग्लायडर तेथे रुतून तोंडघशी पडण्याची भीती. धान कापून झाल्यावर जमीन कडक होते, पण धुरे तसेच राहतात. माजी मालगुजारी तलावांच्या पाळी, त्यांवरील झाडी आणि पाणपक्ष्यांचे थवे, हे आणखी अडथळे. त्यातल्या त्यात उन्हाळ्यात उघडी पडणारी नदीपात्रातील रेती मोकळी वाटते. परंतु वैनगंगेवरील २०१७च्या अपघाताने नदीच्या पात्राबद्दलही सावध केले आहे.

तार हा खाली आलेल्या विमानाचा सर्वांत फसवा शत्रू. खांब दिसतो, दोन खांबांमधील तार दिसत नाही. नदी ओलांडणारी तार तर आणखी अवघड, कारण तिचे खांब दोन्ही काठांवरील झाडीत दडलेले असतात आणि मध्ये केवळ मोकळे आकाश दिसते. म्हणून ग्लायडरच्या वैमानिकाला शिकविले जाते की, तार शोधू नये, खांब शोधावा. दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच असे धरून चालावे. रस्ता, वस्ती आणि विहीर जेथे असेल, तेथे विजेची तार असणारच. तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे दुरूनही दिसतात. धोका असतो तो शेतातील विहिरीच्या पंपाकडे जाणाऱ्या एकट्या तारेचा.

'ब्रॉडवे'वरील रात्र

निवडलेली जागा वरून सपाट दिसावी आणि प्रत्यक्षात तशी नसावी, याची किंमत किती मोठी असू शकते, हे दुसऱ्या महायुद्धात भारतातूनच निघालेल्या एका मोहिमेने दाखवून दिले. ५ मार्च १९४४च्या संध्याकाळी आसामातील लालाघाट येथून अमेरिकन 'वॅको' ग्लायडर जपान्यांच्या ताब्यातील ब्रह्मदेशाकडे निघाली. जनरल ऑर्ड विंगेट यांच्या 'चिंडिट' सैनिकांना शत्रूच्या पिछाडीस उतरविण्याची ही योजना होती. प्रत्येक डाकोटा विमानामागे दोन-दोन ग्लायडर दोरांनी जोडलेली होती. उतरण्यासाठी जंगलातील दोन मोकळ्या जागा निवडल्या होत्या. त्यांना 'पिकॅडिली' आणि 'ब्रॉडवे' अशी सांकेतिक नावे होती. उड्डाणाच्या थोडेच आधी आलेल्या हवाई छायाचित्रात 'पिकॅडिली'वर ओंडके पसरलेले दिसले आणि सारी ग्लायडर 'ब्रॉडवे'कडे वळविण्यात आली.

छायाचित्रात 'ब्रॉडवे' स्वच्छ दिसत होते. मात्र तेथे उंच गवताखाली, हत्तींकरवी लाकडे ओढून नेताना पडलेल्या खोल चाकोऱ्या होत्या. अंधारात उतरलेल्या पहिल्या ग्लायडरांची चाके त्यांत अडकून मोडली. मोडलेली ग्लायडर बाजूला ओढण्यास वेळ नव्हता. कारण मागची ग्लायडर दोर सोडून खाली निघाली होती आणि त्यांना थांबण्याची किंवा पुन्हा वर जाण्याची सोय नव्हती. ती पुढच्यांवर येऊन आदळत गेली. काही ग्लायडर तर दोर तुटून वाटेतच उतरली होती. 'ब्रॉडवे'वर सुमारे ३० जण मृत्युमुखी पडले आणि तितकेच जखमी झाले. उड्डाणे थांबवा, असा अर्थ असलेला 'सोया लिंक' हा सांकेतिक संदेश रात्री पाठवावा लागला. तरीही बचावलेल्या सैनिकांनी आणि अभियंत्यांनी दुसऱ्या दिवशी जमीन सारखी केली आणि त्याच संध्याकाळनंतर तेथे डाकोटा विमाने उतरू लागली. चार्ली चॅप्लिनच्या 'द किड' या १९२१च्या चित्रपटातील बालकलाकार जॅकी कूगन मोठेपणी ग्लायडर वैमानिक झाला होता आणि या मोहिमेत त्यानेही ग्लायडर उतरविले होते.

युद्धातील घाई, रात्र आणि जादा भार या गोष्टी वेगळ्या काढल्या, तरी 'ब्रॉडवे'चा धडा शांततेच्या काळालाही लागू आहे. जमिनीविषयीची माहिती ग्लायडर सुटण्यापूर्वीच मिळवावी लागते. सुटल्यानंतर मिळालेली माहिती बहुधा उपयोगी पडत नाही.

ज्यांना जमले त्यांनी काय केले?

याच नियमाची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधन ४१ हजार फूट उंचीवर संपले. कॅनडात त्या वेळी मेट्रिक मोजमापे नव्याने येत होती. २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे असताना हिशेबात पौंडाचा गुणक वापरला गेला आणि प्रत्यक्षात निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले. दोन्ही इंजिने बंद पडली आणि ६९ जणांसह ते प्रचंड विमान ग्लायडर झाले. सुदैवाने मुख्य वैमानिक रॉबर्ट पिअर्सन हे अनुभवी ग्लायडर उड्डाणपटू होते. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना जवळच्या गिमली येथील हवाई दलाचा जुना तळ ठाऊक होता. पट्टीजवळ पोहोचल्यावर विमान अजून फार उंच आहे असे दिसताच पिअर्सन यांनी ते एका बाजूला कलवून, रडर उलट दाबून तिरके घसरविले. ग्लायडिंगमध्ये वापरली जाणारी ही युक्ती एवढ्या मोठ्या विमानात सहसा कोणी करत नाही. धावपट्टीचे रूपांतर तोवर मोटार शर्यतीच्या मार्गात झाले होते आणि त्या दिवशी तेथे माणसे जमलेली होती. पुढचे चाक दुमडले, विमान नाकावर घासत थांबले. पण एकही जीव गेला नाही.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कवर पक्ष्यांच्या धडकेने यूएस एअरवेजच्या विमानाची दोन्ही इंजिने निकामी झाली. वैमानिक चेस्ली सलनबर्गर यांच्या हाती साडेतीन मिनिटांहूनही कमी वेळ होता. विमानतळ गाठण्याची आशा त्यांनी वेळीच सोडली आणि हडसन नदीत विमान उतरविले. सर्व १५५ जण वाचले. तरुणपणी हवाई दलाच्या अकादमीत असताना तेही ग्लायडर उडवीत असत.

या दोन्ही प्रसंगांतील समान धागा स्पष्ट आहे. शक्ती नाही हे मान्य करणे, जी उंची आहे तिच्यात काय बसते हे ठरविणे आणि वेग कधीही न गमावणे. न पोहोचता येणाऱ्या विमानतळाच्या मोहात न पडणे, हा त्यातील सर्वांत कठीण निर्णय असतो.

महाराष्ट्रात ही विद्या पुण्याजवळ हडपसर येथील ग्लायडिंग केंद्रात शिकविली जात आली आहे. तेथे विंच नावाच्या यंत्राने लांब तार वेगाने गुंडाळून ग्लायडर पतंगासारखे वर ओढले जाते. ही तार मध्येच तुटली तर काय करावे, याचा सराव एकट्याने उडण्यापूर्वीच करून घेतला जातो. अशा वेळी आधी नाक खाली करून वेग सावरायचा आणि त्यानंतरच कोठे उतरायचे याचा विचार करायचा. नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात रोहिणी, कार्तिक अशी भारतीय बनावटीची ग्लायडर आखली गेली आणि छात्रसेनेच्या अनेक पिढ्यांनी रोहिणीत धडे गिरविले. एकेकाळी माळावर असलेल्या हडपसरच्या मैदानाभोवती आता दाट वस्ती आहे. म्हणजे तेथेही चुकीला वाव पूर्वीपेक्षा कमीच उरला आहे.

गावकऱ्यांनी काय करावे?

एखादे ग्लायडर किंवा लहान विमान शेतात उतरले वा कोसळले, तर सर्वांत आधी तेथे पोहोचतात ते आसपासचे शेतकरी. त्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

ग्लायडर शेताच्या रोखाने खाली येताना दिसल्यास त्या शेताकडे धावू नये. मुलांना आणि गुरांना बाजूला न्यावे. ग्लायडर आवाज करीत नाही, त्यामुळे पाठमोऱ्या माणसाला ते कळतही नाही.

अपघात झाला असल्यास १०८ किंवा ११२ या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. आग किंवा इंधनगळती नसेल, तर जखमीला हाताला धरून बाहेर ओढू नये. वर सांगितल्याप्रमाणे कमरेच्या मणक्याला इजा झालेली असू शकते आणि चुकीच्या रीतीने उचलल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. त्याला हलू न देता धीर द्यावा आणि मदत येईपर्यंत सावली करावी. साध्या ग्लायडरमध्ये इंधन नसते. मात्र मोटार-ग्लायडर आणि प्रशिक्षण विमानांत असते, म्हणून जवळपास विडी-काडी पेटवू नये. मोडलेल्या फायबरच्या चिंधड्या काचेसारख्या बोचतात. काही लहान विमानांत संकटकाळी स्फोटक द्रव्याच्या जोरावर उघडणारी हवाई छत्री बसविलेली असते. तिला हात लावणे जिवावर बेतू शकते.

अवशेष हलवू नयेत आणि त्यांचे तुकडे आठवण म्हणून घरी नेऊ नयेत. २०१२ मध्ये स्थापन झालेला विमान अपघात अन्वेषण विभाग अशा अपघातांचा तपास करतो. एअरब्रेकचा दांडा कोणत्या स्थितीत होता, पट्टे बांधलेले होते का, पंखाची खूण धुऱ्यावर कोठे उमटली, अशा लहान गोष्टींवरून अपघाताचे कारण उलगडते. बघ्यांची गर्दी आवरणे शेतकऱ्याच्याही हिताचे आहे. ग्लायडरने तुडविले नसेल एवढे पीक पुष्कळदा बघणाऱ्यांच्या पायांखाली जाते.

यंत्रणेकडूनही एक अपेक्षा रास्त ठरते. ज्या परिसरात प्रशिक्षण उड्डाणे होतात, तेथील नद्यांवर आडव्या ताणलेल्या तारांवर ठळक रंगांचे गोळे बसवावेत आणि त्या तारांची नोंद वैमानिकांच्या नकाशांवर असावी. खर्चाच्या मानाने हे काम लहान आहे. वैमानिकाने खाली न उडण्याची शिस्त पाळणे आवश्यक आहेच. परंतु इंजिन बंद पडलेल्या विमानाला खाली यावेच लागते आणि त्या वेळी न दिसणारी तार कोणत्याही शिस्तीची कदर करीत नाही.